रोहिणीच्या आधीच पावसाळा

खानापूर तालुक्यात मे महिना म्हणजे कामाची नुसती झुंबड. जळण आत टाकायचे, कौले परतायची, भाताच्या धूळवाफ पेरणीसाठी रान तयार करायचे. पश्चिमेकडच्या जंगलातल्या गावांत तर आगोटीची बेगमी हवी. नाल्यांना पाणी आले की बाजाराची वाट बंद. मध्येच वळीव येतो, तासभर धिंगाणा घालतो आणि निघून जातो. त्याचे कुणाला फारसे वाटत नाही. २०२५ च्या मे महिन्यात मात्र तो आला आणि मुक्कामालाच राहिला.

शनिवारी, २४ मे रोजी आम्ही दोघे बेळगावहून जांबोटी भागातल्या मामांच्या गावी निघालो. खानापूरच्या अलीकडे वीटभट्ट्यांवर ताडपत्र्या फडफडत होत्या. कडेच्या कच्च्या विटा विरघळून त्यांचा पुन्हा चिखल झाला होता. इथली माती विटा, कौले आणि मडक्यांसाठी नावाजलेली. पण न भाजलेली वीट पावसापुढे किती टिकणार? कामगार भर पावसात दगड आणून ताडपत्रीवर ठेवत होते. कणकुंबीहून येणारी मलप्रभा घाटाजवळ तांबडीलाल झाली होती. जांबोटीच्या वाटेवर एक झाड आडवे पडलेले. गावातल्या पोरांनी कुऱ्हाडी आणून वाट मोकळी करेपर्यंत तासभर गेला. आणखी एक झाड वाऱ्याने करकरत होते, त्यामुळे गाडीत बसून राहण्याचा धीर कुणालाच झाला नाही.

रात्री वीज नव्हती. मोबाईलला जेवढी रेंज मिळाली तेवढ्या बातम्या ऐकल्या. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोहोचला होता, १ जून या नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी. २००९ नंतर तो इतक्या लवकर आला नव्हता. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला होता; आमच्या कौलांवरचा ताशा त्याचाच. कोचीजवळच्या समुद्रात एक कंटेनरवाहू जहाज कलंडले होते. ते रविवारी बुडाले. त्यावरचे चोवीसही जण वाचले हे नशीब. दिल्लीत त्याच रात्री ताशी ८२ किलोमीटरचे वारे आणि काही तासांत ८१ मिलिमीटर पाऊस, विमाने दुसरीकडे वळवावी लागली. राजस्थान मात्र उन्हाच्या झळांनी होरपळत होता. एकाच देशात कुणी पाण्याला घाबरतोय, कुणी उन्हाला!

रविवारी, २५ तारखेला रोहिणी नक्षत्र लागले. हवामान खात्याने मोसमी पावसाची रेषा देवगड, बेळगाव, हावेरी अशी आखली. म्हणजे पावसाळा रीतसर आमच्या दारात. मामांना ही बातमी सांगितली तर म्हणाले, "त्येनी आज सांगायलेत. आमचं रान आठ दिस झालं भिजायलंय."

त्यांची अडचण साधी आणि अवघड. धूळवाफ पेरणीला भुसभुशीत, कोरडी माती लागते. ओल्या रानात कुरी चालत नाही. वाफसा आला नाही तर तरवा टाकून रोप लावण करायची, म्हणजे चिखलणी आली, लावणीला माणसे आली, त्यांची मजुरी आली. आणि आता बायका लावणीला मिळतात कुठे?

"बियाणं तर पोत्यात तयार हाय," मामी चुलीपाशी भिजके जळण फुंकत म्हणाल्या. "मिरगाला बी उगवून वर यायचं ते अजून पोत्यातच!" सांडगे माळ्यावर पसरलेले, त्यांना वास यायला लागला होता. तरी आम्हाला फणसाचे गरे आणि काजूचे आमटीभात होतेच. पाहुणचारात पावसाने काही कमी पडू दिले नाही.

सोमवारी मोसमी पाऊस मुंबईतही पोहोचला. मामांचा फोन आला तो त्यानंतर. वरच्या माळाची चार दिवस वाट बघायची, खालच्या पाणथळीत तरवा टाकायचा, असे ठरले होते. "उघडीप दिली तर पेरतो," म्हणाले, आणि मागून कौलांवरचा आवाज ऐकू येतच होता.