वापीची गाडी, अंधेरीचं वर्कशॉप आणि चौदा पेट्या चिकू

आज फवारणीचं काही नाही, गाडीचं लिहितोय. परवा चारोटीला दोघे ओळखीचे भेटले. दोघांनाही जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, आणि दोघांचाही डोळा गुजरातवर. "तिकडे साठ-सत्तर हजारांनी स्वस्त पडते ना, दादा?" पडते. मलाही पडली. पण पुढचं सगळं रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर.

आमची वाडी डहाणू तालुक्यात. घरून वापी पन्नासेक किलोमीटर, बोरिवली त्याच्या दुपटीहून जास्त. पंपाची मोटर असो की ताडपत्री, आमच्याकडची माणसं सवयीने वापीलाच जातात, मधे राज्याची हद्द आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मी तिथूनच २०२२ चं मॉडेल घेतलं. ४१ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ८ लाख ४० हजार. अंधेरीत तशाच गाडीला ९ लाखांच्या वर सांगत होते. विकणारा वापीच्या जीआयडीसीतला इंजिनिअर, स्वतः वापरलेली गाडी, कागद स्वच्छ. कंपनीची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त वॉरंटी शिल्लक, असा माझा हिशेब. हिशेब बरोबर होता. माझं चुकलं ते कागदांत.

बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड इथल्या सात सोसायट्यांना आम्ही घरच्या वाडीतला कालीपत्ती चिकू देतो. आठवड्याला एक फेरी. दहिसर, बोरिवली, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने घाटकोपर, एलबीएस मार्गाने मुलुंड, आणि घोडबंदरवरून परत. मुलुंडला गाडी चार्जिंगला लावायची, तेवढ्यात माल वाटायचा आणि चहा घ्यायचा. दहिसर नाक्यावरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना बंदच झाला, तेव्हा ते पैसेही वाचले. पाच महिने इतकं सुरळीत चाललं की मी गाडी माझ्या नावावर करायचं पुढे ढकलत राहिलो. वलसाडची एनओसी हातात होती. विरारला जायचं तेवढं राहिलं होतं. आधी भात कापणी, मग चिकूचा हंगाम. कारणं आपल्याकडे कधी कमी असतात?

९ मार्च २०२५. होळीच्या आधीचा रविवार, हंगाम भरात. पवईच्या थोडं अलीकडे स्क्रीनवर ३१ टक्के होते. चढ लागला, मी जरा पाय दाबला, आणि ३१ चे थेट ४ झाले. गाडीचा वेग पडला, कासवाचं चित्र आलं, आणि डाव्या कडेला घेईपर्यंत ती थांबलीसुद्धा. मागे चौदा पेट्या चिकू. झाडावरून उतरून तिसरा दिवस. पिकायला घातलेला चिकू ऊन, ट्रॅफिक काही बघत नाही, तो पिकतच राहतो.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. मुलगी नीट बोलली. गाडीचा नंबर घेतला, जागा विचारली आणि म्हणाली, "सर, रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी गेलाय, तो सांगा." रजिस्टर्ड मोबाइल वापीच्या इंजिनिअरचा! मी सहा महिने गाडी चालवत होतो, हप्ते मी भरत होतो, पण कंपनीच्या लेखी मालक तोच. त्याला फोन लावला. तो एका लग्नात होता. बँडच्या आवाजात त्याने तीन वेळा आकडे ओरडून सांगितले, तेव्हा कुठे टोइंगची गाडी निघाली. दुसरा कुणी असता तर गाडी विकून सहा महिने झाल्यावर अनोळखी माणसाला ओटीपी दिला असता का? मी तरी दिला नसता.

चिकू रिक्षाने घाटकोपरला नेला. मुलुंडचा माल त्या दिवशी पोचलाच नाही. निम्म्या पेट्या तिथल्याच एका फळवाल्याला पडेल भावात दिल्या.

सोमवारी अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. (कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, विचारू नका.) ॲडव्हायझरने नंबर प्लेट बघितली आणि पहिलंच वाक्य, "ही गुजरातची गाडी आहे. वॉरंटीचं काम तिकडेच होईल." मी वॉरंटीचं पुस्तक सोबत नेलं होतं. त्यात देशातल्या कुठल्याही अधिकृत केंद्रात काम होईल असं छापलेलं. ते उघडून समोर ठेवलं, तेव्हा तो आत जाऊन साहेबाला विचारून आला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वॉरंटी नंबर प्लेटवर नसते, ती चॅसी नंबरवर असते. प्लेट जीजेची असो की एमएचची, कंपनीच्या संगणकात गाडीचा सगळा इतिहास त्या १७ आकडी-अक्षरी नंबराखाली असतो. एक्सटेंडेड वॉरंटी, डीलरने दिलेलं सर्व्हिस पॅकेज, घरचा चार्जर, हे मात्र वेगळं प्रकरण. ते कुणी दिलं आणि कुणाच्या नावावर, हे आधी वाचून घ्यायचं.

दुसरा आक्षेप मात्र त्यांचा खरा होता. आरसीवर नाव माझं नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, मालकी बदलली तर कंपनीला कळवून नोंद करून घ्यावी. मी ते पान उलटलंच नव्हतं. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा म्हणून दुसऱ्यांना सांगत फिरणारा मी!

मग धावाधाव. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत मालकी बदलासाठी अर्ज करायचा असतो. विम्याचंही तसंच, १४ दिवसांत आपल्या नावावर करायला सांगायचं. नाहीतर थर्ड पार्टी चालते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. मी दोन्ही मुदती कधीच ओलांडल्या होत्या. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. फॉर्म २८ म्हणजे एनओसी, २९ आणि ३० मालकी बदलाचे, २७ नव्या नंबराचा. भाचा म्हणाला, "मामा, बीएच नंबर घ्या, कुठेच कटकट नाही." पण तो मिळतो सरकारी, लष्करी नोकरांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या नोकरांना. आपण सातबाऱ्यावाले त्यात बसत नाही.

पैशाच्या बाजूने मात्र इलेक्ट्रिक गाडीला सवलत आहे. नव्या नंबराची आणि आरसीची फी केंद्राने ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीच्या गाड्यांना माफ केली आहे, आणि महाराष्ट्रात माझ्यासारख्या गाडीला रोड टॅक्सही लागला नाही. डिझेलची गाडी असती तर इथे टॅक्स भरताना वापीतली सगळी बचत निघून गेली असती. गुजरातची जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

इंजिनिअरच्या सह्या पुन्हा लागल्या, आधीच्या फॉर्मवर त्याची सही हलली होती. तो भिलाडपर्यंत स्कूटरने आला, हायवेच्या कडेला टपरीवर बसून सह्या केल्या, आणि चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. अंधेरीच्या माझ्या सगळ्या फेऱ्या डहाणू लोकलने. २०१३ पासून ही लोकल आहे म्हणून बरं, नाहीतर आमचं काय झालं असतं. गुढीपाडव्यानंतर चौथ्या दिवशी एमएच-४८ चा नंबर पडला. मग वर्कशॉपने गाडीला हात लावला.

बिघाड काय होता? गाडीच्या बॅटरीत सेल ओळीने जोडलेले असतात, सगळ्यांतून एकच करंट जातो. त्यातला एक कमजोर झाला की जोर लावल्यावर त्याचा व्होल्टेज आधी पडतो, आणि बॅटरीचं नियंत्रण यंत्र त्याला वाचवण्यासाठी सगळी गाडी थांबवतं. बाकीच्या सेलांत ताकद असूनही उपयोग नाही. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असो, नांगर जागेवरच. माझ्या गाडीत एका मॉड्यूलमधले सेल असे बसलेले निघाले. हे घेतानाच कळलं असतं. मी वापीत दहा किलोमीटर चालवून बघितली आणि "मस्त आहे" म्हणालो. पूर्ण चार्ज करून १५ टक्क्यांपर्यंत उतरवायला हवी होती, आणि अधिकृत केंद्रातून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढायला हवा होता. रोप घेताना आपण पिशवी फोडून मुळं बघतो, आणि इथे आठ लाख देताना फक्त रंग बघितला.

आता सुटलो असं वाटलं, तेवढ्यात फोन आला. "तुमच्या गाडीत बाहेरची वायरिंग सापडलीय. वॉरंटी बाद होऊ शकते." वायरिंग होती, खोटं कशाला बोलू. फवारणीचा बॅटरी पंप चार्ज करायला मी गावच्या इलेक्ट्रिशियनकडून १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवरून डिकीत एक पॉइंट काढून घेतला होता. वर "कमर्शियल वापर" असाही शेरा मारायचं चाललं होतं, पेट्यांच्या खुणा बघून. मॉड्यूलसह पॅक उघडायचा खर्च वॉरंटीशिवाय १ लाख ९० हजार सांगितला. त्या रात्री झोप नाही. चिकूचे त्या हंगामातले जवळपास सगळे पैसे यात जाणार होते, आणि लेकीची पुढच्या वर्षाची फी त्यातूनच भरायची होती.

सकाळी एक गोष्ट सुचली, ती मोटर दुरुस्तीच्या अनुभवातून. मी म्हटलं, "बाद करताय ना? लेखी द्या. कुठल्या कलमाखाली, आणि त्या १२ व्होल्टच्या वायरने मोठ्या बॅटरीतला एक मॉड्यूल कसा बिघडला, तेही लिहा." लहान बॅटरी वेगळी, मोठी वेगळी. लहानीतून पंप चार्ज केल्याने मोठीतले ठरावीक सेलच कसे काय बसतील? लेखी काही मिळालं नाही. मग मीच कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ई-मेल केला. चॅसी नंबर, सगळ्या सर्व्हिसच्या तारखा, नवी आरसी, टेस्टचे आकडे, फोटो. खाली एवढंच, की उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवीन आणि पालघर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन. गाडी गुजरातेत घेतली म्हणून तक्रारीला वलसाडला जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. हे मला एका वकील मित्राने सांगितलं, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कामाची माहिती हीच. पण कमर्शियल वापराचा मुद्दा तिथेही निघतो, म्हणून वापर काय तो खरा सांगायचा.

सहाव्या दिवशी मंजुरी आली. मॉड्यूल वॉरंटीत. बाहेरची वायरिंग काढून मूळची बसवायचे ६,८०० माझे, ते मी न कुरकुरता भरले. ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, गाडी मिळाली. ५२ दिवस.

मुलुंडच्या दोन सोसायट्या तेवढ्यात दुसऱ्या चिकूवाल्याकडे गेल्या. त्यांचा दोष नाही, लोकांना रविवारी फळ लागतं. एक परत आली, एक नाही. वाचवलेल्या साठ हजारांतून ते वजा केलं तर हातात फार काही उरत नाही.

चारोटीच्या दोघांना म्हणून एवढंच सांगेन: वापीची गाडी जरूर बघा, पण पैसे देण्याआधी बॅटरीचा रिपोर्ट, आणि पैसे दिल्यावर त्याच आठवड्यात विरार आणि विमा. कंपनीकडचा मोबाइल नंबर तर विकणाऱ्याच्या समोर बसूनच बदलून घ्या. घरी चार्जिंगसाठी चांगली अर्थिंग करा. आमच्याकडे व्होल्टेज कधी १८० वर येतं, तेव्हा गाडी चार्जच होत नाही, मी आता रात्री अकरानंतर लावतो. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करू नका, तो वीज कायद्यात अनधिकृत वापर धरतात.

डिकीतला पॉइंट गेला, पंप आता घरीच चार्ज करतो. उद्या मुलुंडची फेरी आहे, बावीस पेट्या. त्याआधी सकाळी उलट दिशेला, भिलाडला, एक पेटी पोचवायची आहे. इंजिनिअरच्या घरी चिकूची बर्फी करतात म्हणे.