कागदाएवढी भिंत

क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्वांना ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. परंतु ज्याची क्षमा मागायची, त्याच्यासमोर नेमकी चूक उच्चारणे कठीण असते. २०२१ च्या मे महिन्यातील माझी एक चूक येथे लिहून ठेवतो.

दादा कोरोनातून बरे होऊन घरी आले होते. मधुमेह जुनाच, त्यात उपचारांतील स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर फार वाढलेली. एके सकाळी त्यांचा डावा गाल दुखू लागला, नाकातून काळपट स्राव आला. “सायनसच असेल, वाफ घ्या,” मी म्हणालो. पेढीवर हळदीचे व्यवहार अडले होते, म्हणून तपासणी चार दिवस लांबवली. पाचव्या दिवशी डावी पापणी खाली ओघळली आणि एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या.

तो म्युकरमायकोसिस होता. शल्यचिकित्सकांनी समजावले, की नाकाशेजारच्या पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड कागदाइतके पातळ असते. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते. रक्ताअभावी तो भाग मरून काळा पडतो आणि तेथे औषधही पोहोचत नाही. म्हणून अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांबरोबर मृत भाग कापून काढणे अटळ असते. नाकातून दुर्बीण घालून पहिली शस्त्रक्रिया झाली. तरीही संसर्ग खोबणीत पसरत राहिला. अखेर प्राण वाचावेत म्हणून डोळा काढण्याच्या संमतिपत्रावर वहिनींनी आणि मी सही केली.

“बुरशी हाही जीवच ना रे?” आईने विचारले. मग स्वतःच म्हणाली, “श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. हे तर प्राणरक्षण.” आणि ती णमोकार जपत बसली.

दादा आज पुन्हा गादीवर बसतात. त्या चार दिवसांविषयी त्यांनी कधी विचारले नाही. यंदा क्षमावाणीला मीच सारे सांगितले. क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, “तू तुझी साखर तपासलीस का?”

वाचकहो, घरातील मधुमेही माणसाचा गाल दुखला वा बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, डोळा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पेढी चार दिवस बंद राहिली तरी पुन्हा उघडता येते.