शून्य म्हणजे काहीच नाही?

बालमित्रांनो, वजाबाकीचं उत्तर शून्य आलं की ‘काहीच उरलं नाही’ म्हणून आपण पुढच्या गणिताकडे वळतो. पण शून्य कधीकधी फसवतं, बरं का!

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता बारावीत आहे. एका संध्याकाळी ती भौतिकशास्त्राची वही घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, मी यंदा परीक्षेला बसत नाही. माझं उत्तर एकच येतं, पुस्तकात दोन आहेत. तीनदा केलं!” घरचेही म्हणत होते, झेपत नसेल तर राहू दे.

गणित असं होतं : दोन विद्युत प्रभार 12 सेंटिमीटर अंतरावर आहेत. एक धन, 3 एककांचा. दुसरा ऋण, 1 एककाचा. दोघांना जोडणाऱ्या रेषेवर विद्युत विभव शून्य कुठे असेल?

विभव म्हणजे उंची समजा. धन प्रभार ही टेकडी, ऋण प्रभार हा खड्डा. प्रभाराला अंतराने भागलं की त्याचा वाटा कळतो. जवळ गेलं की वाटा मोठा, लांब गेलं की लहान. टेकडी जेवढं चढवते तेवढंच खड्डा उतरवतो, तिथे शून्य.

आम्ही फरशीवर खडूने रेषा काढली. धन प्रभार तिप्पट, म्हणून त्याच्यापासूनचं अंतरही तिप्पट हवं. दोघांच्या मध्ये 9 आणि 3 सेंटिमीटर. हे तिचं उत्तर होतं आणि ते बरोबरच होतं!

“आता रेषा ऋण प्रभाराच्या पलीकडे वाढव,” मी म्हटलं. तिने मोजलं. धन प्रभारापासून 18, ऋण प्रभारापासून 6. पुन्हा तिप्पट! “बाई, मी मधल्या मध्येच शोधत होते!” मग तिचं तिलाच सुचलं की धन प्रभाराच्या मागे शून्य मिळणार नाही, कारण तिथे मोठा प्रभारच जवळ असतो.

मग मी विचारलं, “मधल्या शून्यावर धन प्रभाराचा कण ठेवला तर?”

“जागेवर राहील.”

नाही! टेकडी त्याला ढकलते आणि खड्डा त्याच दिशेला ओढतो. कण पळतोच. उताराच्या मधोमध ठेवलेली गोटी कुठे थांबते? विभव शून्य असलं तरी बल शून्य नसतं. उलट, दोन सारख्या धन प्रभारांच्या बरोबर मध्ये बल शून्य असतं, पण विभव मात्र शून्य नसतं.

त्या रात्री तिने घरी सांगितलं, “मी परीक्षेला बसणार.”

तुम्हीही वहीत करून बघा हं. धन प्रभार 2, ऋण प्रभार 1, अंतर 6 सेंटिमीटर. दोन शून्यं शोधा. मग त्या दोन बिंदूंमधलं अंतर व्यास धरून कंपासने वर्तुळ काढा. त्यावरचा कुठलाही बिंदू मोजा, तिथून धन प्रभार दुप्पट लांब असेल. म्हणजे त्या अख्ख्या वर्तुळावर विभव शून्य! एक उत्तर मिळालं म्हणून लगेच वही मिटू नका, एवढंच माझं सांगणं.