पंचेचाळिसावा अध्याय
पुणतांब्याला चांगदेवांच्या समाधीपाशी एक आजोबा पोथी वाचत बसले होते. भावार्थ रामायण. ‘युद्धकांड चाललंय,’ म्हणाले. ‘कितवा अध्याय?’ ‘पंचेचाळिसावा.’ आणि मला एकदम पुरणाचा वास आला.

आमची आजी चातुर्मासात हीच पोथी लावायची. चव्वेचाळिसावा संपला की पोथी बासनात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पुरण घालायची. पहाटेच डाळ चुलीवर चढे. कट निथळून आमटीला. पुरण पाट्यावरच वाटायचं. बोटाला एक कण लागला तरी सगळं पुन्हा पाट्यावर. वरवंटा धुतला तरी दुपारपर्यंत त्याला जायफळाचा वास येई. पहिली टम्म फुगलेली पोळी, वर तुपाची धार, पोथीपुढे ठेवायची. ‘ही गावबाची. आजपासून तो बोलणार.’ आम्हा पोरांचा सगळा जीव त्या पोळीत. पुरणयंत्रातल्या पुरणाला ती चव नाही, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

गावबा पैठणचा. रोज पुरणपोळीच हवी म्हणून हटून बसायचा, तेव्हा आईनं त्याला संत एकनाथांच्या वाड्यावर नेऊन सोडलं, असं सांगतात. नाथ मंत्र द्यायला बसले, तर हा ‘एकनाथ’ याखेरीज दुसरं नाव घेईना. 1599 साली नाथांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या 44 अध्यायांवर थांबलेलं होतं. पुढचं युद्ध गावबानं लिहिलं. सांधा कुठे आहे ते कानाला कळत नाही, आणि ग्रंथावर नाव राहिलं नाथांचंच. दुसऱ्याचा श्वास आपल्या छातीत इतका भरून घेणं मला स्वतंत्र काव्य रचण्यापेक्षा अवघड वाटतं.

इथे पुणतांब्याला समाधीत आहेत त्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला होता. त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांच्या 65 ओव्या आल्या, आणि त्या चांगदेवांच्या नावानं, ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून ओळखल्या जातात. गावबाच्या नावाची पासष्टी नाही.

घाटाखालून गोदावरी पैठणकडेच जाते. तिथे अडवलेल्या पाण्याला नाथसागर म्हणतात.

तुमच्या घरी ही पोथी असेल, तर युद्धकांडाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाला हात जोडताना गावबाचं नाव मोठ्यानं घ्या. जमलं तर त्या दिवशी पुरण घाला.