अजामिळाची जबानी

मरणाच्या दारात माणूस खोटे बोलत नाही, असा आपल्याकडे समज आहे. आमची आजी तर म्हणे, त्या घटकेला जीभ आपली राहतच नाही. बोलतो तो आत्मा. आजीवर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ कधी आली नाही; पण तिचे हे मत सरकारच्या कायद्यातही जाऊन बसले आहे हे कळते, तर तिने मला आणखी एक लाडू दिला असता. (फराळाच्या ताटापुढे हा विषय कशाला, असे आमच्या घरी विचारून झालेच आहे.)

एरवी कोर्टाला ऐकीव पुरावा चालत नाही. ज्याने पाहिले त्याने पिंजऱ्यात यावे, शपथ घ्यावी आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यावे. मेलेल्या माणसाला मात्र यातून सूट आहे. आपल्याला मरण कसे आले हे त्याने सांगून ठेवले असेल, तर ते शब्द शपथेवाचून पुराव्यात घेतात. १८७२ च्या कायद्यात हे बत्तिसावे कलम होते. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ते सव्विसावे झाले. आकडा बदलला, आशय तोच राहिला. इंग्रजांच्या देशात बोलणाऱ्याने जगण्याची आशा पुरती सोडलेली असावी लागे. आपल्याकडे तीही अट नाही. फार काय, शब्दच हवेत असेही नाही. १८८५ साली अलाहाबाद हायकोर्टापुढे गळा कापलेल्या एका तरुणीचा खटला आला. तिला बोलता येत नव्हते. एकेक नाव घेऊन विचारले, तेव्हा तिने हाताने खुणा केल्या. त्या खुणाही पुराव्यात घेता येतात, असे कोर्टाने ठरवले.

असल्या पुराव्यावर कितपत विसंबावे, याबद्दल सुप्रीम कोर्टाचेही मन एकदा हेलकावले. दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल, तर केवळ अशा जबानीवर शिक्षा देणे धोक्याचे, असे ते १९५३ साली म्हणाले. पुढे नागपूरच्या एका खुनाचे प्रकरण आले. त्यातल्या जखमीने डॉक्टर, फौजदार आणि मॅजिस्ट्रेट अशा तिघांपुढे जबान्या दिल्या होत्या. ‘खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य’ या त्या खटल्यात, १९५७ साली, कोर्टाने सांगितले की असा सरसकट नियम नाही. जबानी खरी आहे अशी खात्री पटली, तर ती एकटीही पुरे. मला हे पटते. बंद दाराआड जे घडते त्याचा साक्षीदार बहुधा मरणाराच असतो. त्याचे ऐकायचे नाही असे ठरवले, तर मारणाऱ्याला रानच मोकळे!

मी नायब तहसीलदार होतो. तेव्हा अशा जबान्या घेणे नशिबी आले. रात्री-अपरात्री पोलिसाची चिठ्ठी येई. दवाखान्यात गेले की आधी डॉक्टरांकडून रोगी शुद्धीवर असल्याचे लिहून घ्यायचे. (डॉक्टरांच्या दाखल्यावाचून जबानी बाद होत नाही, असे २००२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, पण आम्ही तो सोडत नसू.) मग पोलीस, सासरचे, माहेरचे, सगळ्यांना बाहेर काढायचे, नाव, गाव, वार विचारून भान तपासायचे, आणि बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे.

१९८७ सालची गोष्ट आहे. भाजलेली एक बाई होती, पंचविशीच्या आतली. वार विचारला, “बेस्तरवार,” म्हणाली. बरोबर होते.

“काय झालं, बाई?”

“पोरगं कुठं हाय?”

“बाहेर आहे. बापाजवळ.”

ती गप्प राहिली. पुष्कळ वेळ. मग म्हणाली, “इस्टूचा भडका उडाला, सायेब. कुनाचं नाव न्हाई.”

मी ते लिहिले. तिचा तो प्रश्नही लिहिला. वाचून दाखवले. हात भाजलेले, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि पाकीट लाखेने बंद केले. रात्री तिची आई आली. पहाटे बाई गेली. नवऱ्याने रॉकेल ओतले असे लेकीने आपल्याला सांगितले, असे आई म्हणू लागली.

कायदा म्हणतो, मरणाऱ्याला काही मिळवायचे नसते, काही गमवायचे नसते. अजामिळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. मरतेवेळी त्याने ‘नारायणा’ अशी हाक मारली आणि विष्णुदूत धावत आले. पण त्याने हाक मारली होती आपल्या धाकट्या मुलाला. ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ आपल्या परीने लावला. त्या खाटेशी बसलेला मीही एक ऐकणाराच होतो. तिच्या डोळ्यांपुढे तेव्हा परलोक होता की दाराबाहेरचे चार वर्षांचे पोर, हे विचारायला माझ्या कागदात जागा नव्हती. आईचे म्हणणे खरे असेल. दुःखाने तिने ते जुळवलेही असेल. आणि भडका खरोखरच उडाला नसेल असे कोणी सांगावे?

सेशन कोर्टात माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी कागदावर बोट ठेवून विचारले, “मुलाची चौकशी तिने आधी केली की नंतर?”

“आधी.”

“आणि उत्तर द्यायला वेळ किती लावला?”

“घड्याळ पाहिले नव्हते,” मी म्हणालो. “पण मी टाकाची शाई दोनदा पुसली.”

आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि उत्तर लिहून घेतले. दोन जबान्यांचा मेळ बसत नाही म्हणून महिन्याभराने आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. मुलगा त्याच्याकडेच वाढला.