सुरुंगाचं तेल

स्टॉकहोमला आलेला मराठी माणूस राजवाडा बघतो. मला भाचीने विंटरविकेनला नेलं. मेलारेन सरोवराची ही निवांत खाडी. बाबागाड्या ढकलत चाललेले बाप, कारखान्याच्या जुन्या विटांच्या इमारतीत कॉफी. १८६४च्या ३ सप्टेंबरला शहरातल्या हेलेनेबोर्गला नायट्रोग्लिसरीनचा स्फोट होऊन आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल गेला. त्यानंतर नोबेलचा कारखाना इथे आला. मी भुसावळचा. वरणगावची काडतुसांची फॅक्टरी आमच्या शेजारी, तेव्हा दारूगोळ्याचं मला काय अप्रूप? भाची धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेजात शिकलेली, बायकांची डॉक्टर. ती म्हणाली, "मामा, माझ्या पेशंटची गोष्ट इथून सुरू होते."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं. सुट्टीत सवय मोडलेली, आणि कामावर येताच हवेतल्या नायट्रोग्लिसरीनच्या तेलाने डोक्यातल्या रक्तवाहिन्या सैलावायच्या. १८७९मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने तेच तेल अगदी सौम्य करून छातीच्या कळेवर दिलं, उतार पडला. १८९६मध्ये खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी ते पोटात घ्यायला सांगितलं. दैवाची ही थट्टा त्याने पत्रात लिहिली, आणि डिसेंबरात तो गेला. औषध लागू का पडतं, हे मात्र आणखी ऐंशी वर्षं कळलं नाही! फेरिड मुराद यांना १९७७मध्ये दिसलं, की त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. १९८०मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं, की आतलं नाजूक अस्तर शाबूत असेल तरच एका रसायनाने ती रक्तवाहिनी सैल पडते. अस्तर खरवडलं तर त्याच रसायनाने उलट आवळते. अस्तर धाडतं तो निरोप म्हणजे हाच वायू, गाडीच्या धुरातला! १९९८चं नोबेल त्या दोघांना आणि लुई इग्नारो यांना मिळालं.

"आणि तुझी गरोदर पेशंट?"

एरवी गर्भाशयाला मिनिटाला पन्नासेक मिलिलिटर रक्त पुरतं, नवव्या महिन्यात पाचशेहून अधिक लागतं. एवढं रक्त ढकलायला हृदय एकटं पुरत नाही, वाट रुंद व्हावी लागते. गरोदरपणात वाढलेलं इस्ट्रोजेन अस्तराकडून जास्त नायट्रिक ऑक्साइड करवून घेतं. तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथलं कॅल्शियम उतरतं, स्नायू ढिला पडतो; काही सेकंदांत वायू संपतो. रक्ताचा ओघ वाढला की अस्तर जास्त घासलं जातं आणि आणखी वायू सोडतं. जोडीला रक्तवाहिन्या सैल करणारं प्रोस्टासायक्लिन असतंच. मला पांझरा नदीकाठचे, पाटाच्या पाण्यावरचे फड आठवले: पाटकरी ज्या शेताकडे पाणी वळवेल तेच भिजतं. इथला पाटकरी फक्त क्षणाक्षणाला नवा जन्मतो. मला सगळ्यांत नवल वाटलं ते वारेचं. तिच्या पेशी आईच्या नागमोडी धमन्यांत घुसून तिथला स्नायूच काढून टाकतात, म्हणजे त्या धमन्या पुढे आवळायलाच नकोत.

हे काम अर्धवट राहिलं, तर उपाशी वार एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन आईच्या रक्तात सोडते. अस्तराला जपणारे संकेत ते गिळून टाकतं. बीपी चढतं, चेहरा सुजतो, वेळ आली तर झटके येतात.

"मग सरळ हाच वायू वाढवायचा ना!"

"करून पाहिलं. याच साखळीवर चालणारं सिल्डेनाफिल, वार कमी पडल्याने खुरटलेल्या गर्भांसाठी दिलं. नेदरलँड्समध्ये नवजात बाळांना फुप्फुसाचा त्रास झाला, काही दगावली, आणि २०१८मध्ये चाचणी थांबवली."

"धुळ्यात काय करता?"

"शिरपूर-साक्रीच्या पाड्यावरून बाई आली की आधी बीपी बघायचं. जोखीम दिसली तर बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहान गोळी, झटक्यांना मॅग्नेशियम सल्फेट, आणि पक्का इलाज एकच, वार बाहेर काढणं. त्यासाठी बाईने वेळेवर दवाखाना गाठायला हवा."

नोबेलच्या खाडीकाठी येऊन ऐकलं काय, तर ॲस्पिरिन आणि रस्ते!