कचारगडची सहल

आमच्या चौथीच्या वर्गात नकाशावर राजधान्या शोधायचा खेळ चालतो. एकदा दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरची राजधानी क्विटो सापडली. मग काय, मी रंगात आलो! २८५० मीटर उंचीवरचं शहर, जुनी चर्च, ज्वालामुखीच्या उतारावर नेणारा रोपवे, जवळूनच जाणारं विषुववृत्त. एक पाय उत्तर गोलार्धात, दुसरा दक्षिण!

मागून आवाज आला, "सर, मंग आपल्या इकडं पाह्यासारखं काय हाय?"

मी फळ्यावर यादी केली : हाजरा फॉल, दरेकसाचा बोगदा, कचारगडची गुहा. दिवाळीनंतर सहल निघाली.

आमगावहून गाडीनं दरेकसा. हाजरा फॉलची धार तोवर बारीक झाली होती. बोगद्यात मुंबई-हावडा मार्गावरची गाडी शिरली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. डबे खाऊन धनेगावमार्गे कचारगडचा डोंगर चढलो.

गुहा केवढी! आशियातली सर्वांत मोठी, असं इकडे अभिमानानं सांगतात. (व्हिएतनाममधली सोन डूंग हिच्याहून कितीतरी मोठी आहे, पण आत उभं राहिलं की ते आठवत नाही.) मी म्हटलं, "ओरडा रे, प्रतिध्वनी ऐकू!" एकच गलका झाला. एक मुलगा मात्र चपला काढून, हात जोडून कडेला उभा होता.

"काय रे, भीती वाटली?"

"नाही जी सर. हे आमच्या देवाचं ठिकाण हाय."

मला कसंसंच झालं. डी.एड. होऊन या भागात आलो त्याला दहा वर्षं झाली. क्विटोची उंची मला पाठ, आणि हे मला त्यानं सांगावं लागलं! गोंड समाजाची माघ पौर्णिमेची यात्रा मला माहीत होती. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात, 'जय सेवा' म्हणत डोंगर चढतात. पण माझ्या लेखी ती गर्दी होती, एवढंच.

बाहेर झाडाखाली बसलो. त्याला म्हटलं, "तूच सांग." आजीकडून ऐकलेली गोष्ट तो सांगू लागला. कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. दारावर भलामोठा दगड. त्यांना सोडवायला पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड आले. हिरासुका पाटालीर किंगरी वाजवू लागला. ते सूर ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, सगळ्यांनी मिळून रेटा दिला आणि दगड हलला. मुलं सुटली. पण हिरासुका त्याच दगडाखाली सापडला.

"त्याले कोणी वाचवलं नाही?" एका मुलीनं विचारलं.

"नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. निघण्याआधी आम्ही पुन्हा आत गेलो. या वेळी चपलांची रांग बाहेर होती. गलका करायला मी सांगितलं नाही, मुलांनीही केला नाही.

सोमवारी वर्गात गेल्यावर मी फळ्यावरच्या यादीतून कचारगड पुसला.

"सर, कायले पुसलं?" तोच विचारत होता.

"अरे, ते देवाचं ठिकाण ना? पाहायच्या यादीत कसं ठेवू?"

"पाह्याचंच हाय जी सर," तो हसला. "फक्त चपला काढून."

मी खडू घेतला आणि पुन्हा लिहिलं.